क्रेटा डिझेल की ग्रँड विटारा हायब्रिड? किंमत सारखी, पण हिशोब राज्यागणिक वेगळा

घरात चार-पाच माणसं, वर्षातून दोनदा गावाकडची फेरी, मुलांची शाळा, आई-वडिलांचा दवाखाना आणि गणपतीला कोकण किंवा गोवा. अशा कुटुंबाने पंधरा ते वीस लाखांत एसयूव्ही घ्यायची ठरवली, की फिरून फिरून दोन नावं समोर येतात. एक ह्युंदाईची क्रेटा आणि दुसरी मारुतीची ग्रँड विटारा. लांबी जवळपास तेवढीच, किंमतही तेवढीच. एक घेऊन पस्तावलेला आणि दुसरी घेऊन खूश असलेला असे दोघेही ओळखीत सापडतात, आणि याच्या बरोबर उलटही सापडतात. त्यामुळे विचारायला गेलं की गोंधळ आणखी वाढतो.

या गोंधळाचं कारण सोपं आहे. गाडी चांगली की वाईट हे गाडीपेक्षा ती कुठे, किती आणि कशी चालणार यावर जास्त ठरतं. सीमाभागात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शहरांत त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. बेळगावात, पणजीत, हैदराबादेत आणि वडोदऱ्यात त्याच गाडीला रस्ता कर वेगळा लागतो आणि पंपावरचे दरही वेगळे असतात. पुण्याच्या पाहुण्याने सांगितलेला हिशोब बेळगावात लागू पडेलच असं नाही.

नेमकी तुलना कशाची?

क्रेटा भारतात पहिल्यांदा २०१५ मध्ये आली. सध्याची पिढी २०२० ची असून जानेवारी २०२४ मध्ये तिला नवा चेहरा मिळाला. ग्रँड विटारा सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आली. टोयोटाची हायरायडर ही तिची जुळी बहीण असून दोन्ही गाड्या कर्नाटकातल्या बिडदीच्या टोयोटा कारखान्यात तयार होतात. क्रेटाची अशीच नातेवाईक म्हणजे कियाची सेल्टॉस. त्यामुळे खाली जे लिहिलं आहे, त्यातलं इंजिनासंबंधीचं बरंचसं या दोन गाड्यांनाही लागू होतं.

दोन्ही गाड्या साध्या पेट्रोलमध्येही मिळतात आणि त्यांची सुरुवात अकरा लाखांच्या आत-बाहेर होते. पण खरा पेच पडतो तो वरच्या गटात. ग्रँड विटाराचं 'स्ट्राँग हायब्रिड' साधारण साडेसोळा लाखांपासून पुढे आहे. याच पैशांत क्रेटाची डिझेल ऑटोमॅटिक येते. दोन्ही गाड्यांची सर्वात वरची व्हेरियंट वीस लाखांच्या आसपास जातात. या सगळ्या किमती एक्स-शोरूम आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलल्यानंतर चार मीटरपेक्षा लांब असलेल्या या दोन्ही गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. पूर्वीचा वेगळा उपकर गेला. म्हणजे जीएसटीमध्ये ना हायब्रिडला सवलत, ना डिझेलला शिक्षा. फरक पुढे राज्याच्या करात आणि पंपावर पडतो.

हायब्रिड चालते कशी?

बरेच जण हायब्रिड म्हणजे अर्धी इलेक्ट्रिक गाडी समजतात आणि 'चार्जिंगचं काय?' असं विचारतात. ग्रँड विटाराला चार्जरची वायर लावावी लागत नाही, लावायला जागाही नाही. तिच्यात दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, इलेक्ट्रिक मोटर आणि एक छोटी बॅटरी आहे. दोन्हींची मिळून ताकद सुमारे ११६ पीएस.

सिग्नलवरून निघताना किंवा गर्दीत हळू चालताना मोटर एकटीच गाडी ओढते, इंजिन बंद असतं. वेग वाढला की इंजिन सुरू होतं. ब्रेक दाबला किंवा उतार लागला की चाकांचा जोर मोटरला उलटा फिरवतो आणि बॅटरी भरते. साध्या गाडीत ब्रेक मारल्यावर जी ऊर्जा गरम होऊन वाया जाते, तिचा काही भाग इथे परत वापरला जातो.

यातूनच एक महत्त्वाची गोष्ट कळते. जिथे थांबणं-निघणं जास्त, तिथे हायब्रिडचा फायदा जास्त. कॅम्प ते टिळकवाडी, खडेबाजार, मडगाव किंवा हैदराबादची ट्रॅफिक हे तिचं मैदान. सरळ हायवेवर शंभरच्या वेगाने तासन्‌तास चालताना ब्रेक लागतच नाही. तेव्हा बहुतेक वेळ इंजिनच काम करतं आणि हायब्रिडचा फायदा आटतो.

हायब्रिड बॅटरीला कंपनी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते. गाडीत नेहमीचा क्लच किंवा गिअर बदलणारा बेल्ट नाही, त्यामुळे ते झिजण्याचा प्रश्नही नाही. शिवाय गाडी थांबवण्याचं बरंचसं काम मोटर करते म्हणून ब्रेक पॅडही जास्त टिकतात.

डिझेल अजून घ्यावं का?

क्रेटाचं दीड लिटरचं चार सिलिंडर डिझेल ११६ पीएस ताकद आणि २५० एनएम टॉर्क देतं. दोन्ही गाड्यांची ताकद कागदावर सारखीच दिसते, पण हा टॉर्क कमी आरपीएमलाच मिळतो. पाच माणसं आणि भरलेली डिक्की घेऊन चढ चढताना तो जाणवतो.

डिझेलबद्दल दोन गोष्टी सतत कानावर येतात. पहिली, 'दहा वर्षांत गाडी भंगारात जाणार.' दहा वर्षांची ती अट राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने दिल्ली आणि राजधानी परिसरासाठी आली. बेळगाव, कोल्हापूर, गोवा, इंदूर किंवा हैदराबादला ती लागू नाही. इथे डिझेल असो वा पेट्रोल, खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं आणि नंतर फिटनेस तपासून ते वाढवून मिळतं. आता दिल्लीच्या बाजारात जुन्या डिझेलला गिऱ्हाईक उरलेलं नाही आणि त्याची झळ जुन्या गाड्यांच्या भावाला थोडी बसते, एवढं मात्र खरं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, पण शोरूममध्ये ती क्वचितच सांगितली जाते. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला डीपीएफ म्हणतात. त्यात साठलेली काजळी जाळून टाकायला इंजिन चांगलं गरम होऊन काही वेळ एकसारखं चालावं लागतं. गाडी रोज दोन किलोमीटर शाळेपर्यंत आणि परत एवढीच फिरली, तर ते होत नाही. फिल्टर भरत जातो, मीटरवर दिवा लागतो आणि दुर्लक्ष केलं तर गाडी वर्कशॉपला न्यावी लागते. आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर गाडी चालणार असेल, तर काळजीचं कारण नाही. ती चालणारच नसेल, तर डिझेल घेऊ नये.

अॅव्हरेजचा खरा हिशोब

कंपनीचा दावा असा आहे. ग्रँड विटारा हायब्रिड लिटरला २७.९७ किलोमीटर. क्रेटा डिझेल मॅन्युअल २१.८ आणि ऑटोमॅटिक १९.१. हे आकडे ठरावीक चाचणीतले असतात. रस्त्यावर एसी चालू असतो, माणसं भरलेली असतात आणि खड्डेही असतात. म्हणून हिशोबासाठी थोडे उतरवलेले आकडे धरलेले बरे. हायब्रिड शहरात २२ आणि हायवेवर २०, डिझेल ऑटोमॅटिक शहरात १४ आणि हायवेवर १८. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरू. आपल्या गावचा आजचा दर टाकून हाच हिशोब पुन्हा करता येतो.

शहरात हायब्रिडला किलोमीटरला ४ रुपये ७३ पैसे पडतात, तर डिझेल ऑटोमॅटिकला साडेसहा रुपये. हायवेवर मात्र हायब्रिडला ५ रुपये २० पैसे आणि डिझेलला ५ रुपये ६ पैसे. म्हणजे गावात हायब्रिड स्पष्ट पुढे आणि हायवेवर बरोबरी, किंबहुना डिझेल किंचित पुढे.

आता दोन कुटुंबं घेऊ.

पहिलं कुटुंब वर्षाला १२ हजार किलोमीटर फिरतं. त्यातले ८ हजार गावात आणि ४ हजार बाहेर. हायब्रिडला वर्षाचा इंधन खर्च सुमारे ५८,६०० रुपये आणि डिझेल ऑटोमॅटिकला सुमारे ७२,२०० रुपये. वर्षाला साडेतेरा हजार वाचले. आठ वर्षांत लाखावर रक्कम होते.

दुसऱ्या कुटुंबातला कर्ता पुरुष किंवा बाई कामासाठी सारखी बेळगाव-पुणे, बेळगाव-हुबळी करते. वर्षाला १८ हजार किलोमीटर, त्यातले १५ हजार हायवेचे. हायब्रिडला सुमारे ९२,२०० आणि डिझेल ऑटोमॅटिकला सुमारे ९५,३०० रुपये. फरक फक्त तीन हजारांचा. याच घराने डिझेल मॅन्युअल घेतली आणि शहरात १५, हायवेवर २० चं अॅव्हरेज मिळालं, तर खर्च ८६,५०० च्या आत येतो. म्हणजे हायब्रिडपेक्षाही कमी. शिवाय क्रेटाची मॅन्युअल डिझेल ऑटोमॅटिकपेक्षा बरीच खालच्या किमतीपासून मिळते. क्लच दाबायचा कंटाळा नसलेल्या हायवेवाल्याला एवढा स्वस्त पर्याय दुसरा नाही.

पंपावरचा दर राज्यागणिक बदलतो आणि निकालही बदलतो. गुजरातेत पेट्रोल आणि डिझेलच्या दरात गेली काही वर्षं जेमतेम चार-पाच रुपयांचा फरक राहिला आहे. पेट्रोल ९५ आणि डिझेल ९० धरलं, तर वडोदऱ्यात हायब्रिड शहरातच नव्हे, हायवेवरही स्वस्त पडते. हैदराबादेत हाच फरक दहा-बारा रुपयांचा असतो, तिथे डिझेलचं पारडं थोडं सावरतं. गोव्यात पेट्रोल बेळगाव-कोल्हापूरपेक्षा स्वस्त असतं. चोर्ला उतरून टाकी भरून परत येणाऱ्यांना हे सांगायला नको.

घाट आला की

सीमाभागातल्या माणसाला घाट चुकत नाही. गोव्याला जायचं तर चोर्ला किंवा अनमोड, सावंतवाडीला जायचं तर आंबोली. पावसाळ्यात धुकं, खड्डे, समोरून ट्रक.

चढावर डिझेलचा टॉर्क उपयोगी पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी फार आवाज न करता चढते आणि पुढचा ट्रक ओव्हरटेक करताना धाकधूक कमी होते. हायब्रिडमध्ये सुरुवातीला मोटरची साथ मिळते, पण लांब चढाला बॅटरी उतरत जाते आणि मग इंजिनावरच भार येतो. तीन सिलिंडरचं इंजिन तेव्हा बऱ्यापैकी आवाज करतं. गाडी थांबत नाही, पण भरलेल्या गाडीत पिकअप जेमतेम वाटतो. उतारावर मात्र हायब्रिडची मजा असते. गिअर लिव्हर 'बी' वर टाकला की गाडी स्वतःहून रोखली जाते, ब्रेक तापत नाहीत आणि बॅटरी फुकटात भरते.

कच्च्या आणि उखडलेल्या रस्त्यांसाठी ग्राउंड क्लिअरन्स बघायचा, तर ग्रँड विटाराचा २१० मिलिमीटर आणि क्रेटाचा १९० मिलिमीटर. खानापूर किंवा चंदगडच्या आतल्या वाड्या-वस्त्यांवर सारखं जाणाऱ्याला हे वीस मिलिमीटर कामाला येतील. चारही चाकांना ताकद देणारा पर्याय फक्त ग्रँड विटारात आहे, पण तो साध्या पेट्रोलमध्ये, हायब्रिडमध्ये नाही.

डिक्की आणि घरची माणसं

इथे क्रेटा सरळ पुढे आहे. तिची डिक्की ४३३ लिटरची. ग्रँड विटारा हायब्रिडची बॅटरी डिक्कीच्या तळाशी बसवलेली असल्याने जागा सुमारे २६५ लिटरवर येते. म्हणजे दोन मोठ्या बॅगा आणि वर थोडं सामान. गणपतीला गावी जाताना पाच जणांच्या बॅगा, मोदकांचे डबे आणि येताना तांदळाचं पोतं आणि नारळ असतील, तर हायब्रिडवाल्याला छतावर कॅरिअर लावावा लागेल. घरात तीनच माणसं असतील, तर प्रश्न येत नाही.

मागच्या सीटवर तिघं बसायची असतील, तरी क्रेटा थोडी ऐसपैस वाटते. ग्रँड विटाराचं छत मागे उतरतं असल्याने उंच माणसाचं डोकं छताला लागायला आलेलं असतं. दोन्ही गाड्यांत आजी-आजोबांना चढ-उतर करायला सीटची उंची सोयीची आहे. हा विषय मात्र वाचून सुटत नाही. आजी-आजोबांना शोरूमला घेऊन जावं, मागे बसवावं, दोनदा उतरायला लावावं. गुडघेदुखी असलेल्या माणसाचं मत इथे कोणत्याही परीक्षणापेक्षा मोलाचं.

सुरक्षिततेत काय बघायचं

सहा एअरबॅग आता दोन्ही गाड्यांच्या सगळ्या व्हेरियंटमध्ये आहेत. पुढच्या गाडीचं अंतर ओळखून आपोआप ब्रेक लावणाऱ्या, लेन सोडली की सावध करणाऱ्या यंत्रणा क्रेटाच्या वरच्या व्हेरियंटमध्ये मिळतात. हायवेवर रात्री चालवणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो. बैलगाडी, गुरं आणि उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल असलेल्या रस्त्यावर मात्र त्यांच्या भरवशावर राहू नये.

स्टारच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी. क्रेटाला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तीन स्टार मिळाले होते, पण ती दोन एअरबॅगची जुनी गाडी होती. जुने स्टार नव्या गाडीला चिकटवू नयेत आणि भावाच्या गाडीचे स्टार बहिणीलाही देऊ नयेत. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू आहे. आपण घेतोय त्याच मॉडेलचा निकाल आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं.

आणि एक साधी गोष्ट. सहा एअरबॅग असल्या तरी मागच्या सीटवरच्यांनी पट्टा लावला नाही, तर त्यांचा फारसा उपयोग नाही. लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसणं तर सर्वात धोक्याचं. दोन्ही गाड्यांत मागे आयसोफिक्सचे हुक आहेत. वीस लाखांच्या गाडीबरोबर काही हजारांची चाइल्ड सीट घेतली, तर तो सर्वात शहाणा खर्च ठरतो.

राज्य बदललं की किंमत बदलते

आता सीमेवरचा सर्वात मोठा मुद्दा. एक्स-शोरूम किंमत देशभर जवळपास सारखी असते, पण ऑन-रोड किंमत राज्याच्या कराने बदलते.

दोन्ही गाड्यांची एक्स-शोरूम किंमत १८ लाख धरली, तर रस्ता कर साधारण असा येतो.

कर्नाटक: १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के कर आणि त्या करावर ११ टक्के उपकर. एकूण ३,३९,६६० रुपये. हायब्रिड असो वा डिझेल, रक्कम तीच.

महाराष्ट्र: पेट्रोलला १२ टक्के, म्हणजे हायब्रिडला २,१६,००० रुपये. डिझेलला १४ टक्के, म्हणजे २,५२,००० रुपये.

तेलंगण: १८ टक्के, म्हणजे ३,२४,००० रुपये.

गुजरात: वैयक्तिक नावावर ६ टक्के, म्हणजे १,०८,००० रुपये.

यातून दोन गोष्टी दिसतात. महाराष्ट्रात डिझेलवाल्याला सुरुवातीलाच ३६ हजारांचा जादा भार पडतो, कर्नाटकात तो पडत नाही. कोल्हापूरच्या पाहुण्याला हायब्रिड जितकी फायद्याची, तितकी ती बेळगावकराला कराच्या बाबतीत नाही.

दुसरी गोष्ट वीस लाखांच्या उंबरठ्याची. कर्नाटकात एक्स-शोरूम किंमत २० लाखांच्या वर गेली, की कर १८ टक्के होतो आणि तो फक्त वरच्या रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर लागतो. १९ लाख ९० हजारांच्या गाडीला कर सुमारे ३,७५,५०० आणि २० लाख २० हजारांच्या गाडीला सुमारे ४,०३,६०० रुपये. गाडी तीस हजारांनी महाग, पण खिशातून जातात अठ्ठावन्न हजार. सर्वात वरचं व्हेरियंट आणि त्यावर खास रंग घेताना हे लक्षात ठेवावं.

'एमएच पासिंग' करून घेतलं तर?

हा प्रश्न बेळगाव, निपाणी, खानापूरच्या प्रत्येक शोरूमबाहेर चर्चेत असतो. चंदगडला मामा आहे, कोल्हापूरला सासर आहे, त्यांच्या पत्त्यावर गाडी घेतली तर लाखभर रुपये वाचतील, असा सल्ला देणारे बरेच भेटतात.

कायदा काय सांगतो ते आधी बघू. गाडीची नोंदणी मालक राहतो किंवा त्याचा व्यवसाय आहे आणि गाडी जिथे ठेवली जाते, त्या राज्यात करायची असते. दुसऱ्या राज्यात नोंदवलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं आणि इथला करही भरावा लागतो. मूळ राज्याकडून उरलेल्या वर्षांचा कर परत मिळतो, पण त्यासाठी अर्ज आणि फेऱ्या आल्या. खोट्या माहितीवर घेतलेली नोंदणी आरटीओ रद्दही करू शकतं.

म्हणजे 'वाचलेले' लाखभर रुपये प्रत्यक्षात उधारीवर वाचलेले असतात. कधी ना कधी ते भरावे लागतात, आणि तोपर्यंत प्रत्येक नाक्यावर मनात धाकधूक राहते. अपघात झाला आणि पत्त्यावरून, मालकीवरून विमा कंपनीने प्रश्न काढले, तर वाचलेल्या रकमेच्या कित्येक पट जीव टांगणीला लागतो. गाडी मामाच्या नावावर असेल, तर कर्ज, विमा आणि उद्या वारसा हे सगळं मामाच्या घरात जातं, हाही विचार करावा. नात्यात वितुष्ट यायला यापेक्षा लहान कारणं पुरतात.

ज्याचं घर किंवा धंदा खरोखर दोन्हीकडे आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याने गाडी जिथे जास्त राहणार तिथलं पासिंग घ्यावं. नुसत्या ये-जा करण्याला अडचण नाही. केए २२ ची गाडी महिन्यातून चारदा कोल्हापूरला गेली, म्हणून कोणी कर मागू शकत नाही.

बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठी २०२१ पासून 'बीएच' मालिका आहे. केंद्र-राज्य सरकारी, लष्करी आणि सार्वजनिक उपक्रमातले कर्मचारी, तसंच चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले कर्मचारी तिला पात्र असतात. तिच्यात कर पंधरा वर्षांचा एकदम नाही, दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो आणि राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागत नाही. पात्र असलेल्याने डीलरला हे स्वतःहून विचारावं.

हप्ता बघताना

अॅव्हरेजवर तासभर वाद घालणारी माणसं कर्जाच्या मुदतीवर पाच मिनिटंही देत नाहीत. १४ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे २२,५०० आणि एकूण व्याज सुमारे ४ लाख ९२ हजार. तेच पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे २९,०५० आणि व्याज सुमारे ३ लाख ४४ हजार. फरक जवळपास दीड लाखाचा. हायब्रिडने पहिल्या कुटुंबाचे इंधनात एवढे पैसे वाचायला दहा-अकरा वर्षं लागतील. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल, तर इंजिनाचा वाद बाजूला ठेवून एक पायरी खालचं व्हेरियंट बघितलेलं बरं.

ऑन-रोड कोटेशनमध्ये टीसीएस नावाचा एक टक्का असतो. दहा लाखांवरच्या गाडीवर तो कापला जातो. १८ लाखांवर १८ हजार. ही रक्कम बुडत नाही, आयकर विवरणपत्रात ती आपल्या नावावर जमा दिसते आणि वळती करून घेता येते. अनेक जण हे मागायलाच विसरतात. विमाही शोरूममधूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही. बाहेरून दोन कोटेशन आणली की शोरूमचा आकडा बऱ्याचदा आपोआप खाली येतो.

मग कोणी काय घ्यावं?

गाडी मुख्यतः गावात फिरणार, ऑटोमॅटिकच हवी, घरात तीन-चार माणसं आणि सामान बेताचं असेल, तर ग्रँड विटारा हायब्रिड. वडोदरा आणि महाराष्ट्रातल्या शहरांत तर जास्तच.

महिन्याला हजार-पंधराशे किलोमीटर हायवे, घाट नेहमीचा, पाच माणसं आणि भरपूर सामान असेल, तर क्रेटा डिझेल. मॅन्युअल चालवायची तयारी असेल, तर पैशांचा हिशोब आणखी चांगला बसतो.

वर्षाला आठ-नऊ हजार किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याने मात्र दोन्हींचा मोह सोडावा. एवढ्या कमी वापरात हायब्रिडची जादा किंमत वसूल होत नाही आणि डिझेलचा फिल्टरही त्रास देतो. अशा घराला यापैकी कोणत्याही गाडीचं साधं पेट्रोल पुरतं आणि तीन-चार लाख रुपये हातात राहतात.

सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर घ्याव्यात. ऑन-रोड किमतीचा तपशील ओळीनिशी. वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची. हायब्रिड घेत असाल, तर आपल्या जवळच्या वर्कशॉपमध्ये तिचं काम जाणणारा मेकॅनिक आहे का. आणि गाडी कोणत्या महिन्यात बनलेली आहे, कारण डिसेंबरची सवलत जुन्या वर्षाच्या गाडीवर असते. टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नये. घरचे सगळे बसवून, एसी लावून, एखादा चढ बघून घ्यावी. विक्रेता शेजारी बसून बोलत राहतो, त्यामुळे शेवटची पाच मिनिटं त्याला गप्प राहायला सांगून गाडीचा आवाज ऐकावा.